कळते, पण वळत नाही

नागपुरात मनीषनगरच्या रेल्वे फाटकावर ज्यांनी उन्हाळे काढले, त्यांना हे दृश्य वेगळे सांगायला नको. पूल आणि भुयारी मार्ग होण्याआधी वर्धा रोडवरून बेसा-बेलतरोडीकडे जायचे म्हणजे फाटक लागायचेच. गाडीची वेळ झाली की दांडा खाली यायचा. सायकलवाले सायकल तिरपी करून, मान वाकवून दांड्याखालून निघून जायचे. काही आगाऊ दुचाकीवालेही. विटांचा ट्रक मात्र जागच्या जागी उभा. पलीकडे माल उतरवायला माणसे थांबली आहेत, हा निरोप त्याला एखाद्या सायकलवाल्याकडून मिळायचाही. पण निरोप मिळाला म्हणून ट्रक दांड्याखालून जात नाही.

इंटरनेटवरच्या नावांच्या कारभारात हुबेहूब असा एक बिघाड होतो. दोन सर्व्हर असतात. एकाकडे नावांची मूळ वही, दुसऱ्याकडे तिची नक्कल. वही बदलली हे दुसऱ्याला कळते, कारण तेवढा निरोप सायकलवाल्यासारखा हलका असतो. पण बदललेली वही आणायला ट्रक लागतो, आणि तो फाटकात अडकलेला असतो. दुसरा सर्व्हर मग जुनीच वही उघडून तिच्यातली उत्तरे पूर्ण आत्मविश्वासाने देत राहतो. आपल्याकडे ज्याला ‘कळते पण वळत नाही’ म्हणतात, ती अवस्था यंत्राला इतकी तंतोतंत लागू पडलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. ती माझ्या मनीषनगरमधल्या खोलीतच, माझ्याच हातून घडली. ती हकिगत येईल ओघात. आधी ही वही काय आहे ते पाहू.

संगणकाला नाव कळत नाही, आकडे कळतात. आपण ब्राउझरमध्ये नाव लिहितो, तेव्हा त्या नावामागचा आकडी पत्ता कोणीतरी शोधून द्यावा लागतो. सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला हे काम एका फाइलवर चाले. ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ नावाची ही यादी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांच्या देखरेखीखाली सांभाळली जाई. नवे यंत्र जोडायचे तर तिथे कळवायचे, आणि बाकीच्यांनी ती फाइल अधूनमधून उतरवून घ्यायची. ऑगस्ट १९८३ मध्ये जाळ्यावरच्या यंत्रांची संख्या होती ५६२. आज एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहात याहून जास्त फोन असतात. पण तेवढ्यानेही व्यवस्था टेकीला आली होती. यादी उतरवेपर्यंत ती जुनी झालेली असे, आणि एकच नाव दोघांनी घेतले तर भांडण मिटवणार कोण?

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतल्या पॉल मॉकापेट्रिस यांच्याकडे जॉन पोस्टेल यांनी हा प्रश्न सोपवला. नोव्हेंबर १९८३ मध्ये त्यांनी आरएफसी ८८२ आणि ८८३ या टिपणांतून उत्तर मांडले. त्यांच्या सुधारित आवृत्त्या, १०३४ आणि १०३५, नोव्हेंबर १९८७ मध्ये आल्या. आजची डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस, त्याच दोन टिपणांवर उभी आहे.

उत्तर कोणते, ते महाराष्ट्रातल्या माणसाला समजावणे सोपे आहे. सगळ्या राज्याचे सातबारे मुंबईत एका टेबलावर ठेवले तर जे होईल, ते होस्ट्स फाइलचे झाले होते. मॉकापेट्रिस यांनी वही फाडून गावोगावच्या दप्तरांत वाटली. तलाठ्याच्या हाताखालचा मुलूख म्हणजे सजा. डीएनएसमधला ‘झोन’ हाही एक सजाच. वरच्या दप्तराला खालच्या सजातली शेते पाठ नसतात. तो सजा कोणाच्या ताब्यात आहे, एवढेच त्याला माहीत असते. सगळ्यात वरती ‘रूट’, त्याखाली डॉट कॉम, डॉट इन यांसारखी मोठी दप्तरे, त्याखाली आपापल्या नावाचे धनी. प्रश्न विचारणारा, म्हणजे तुमच्या इंटरनेट कंपनीचा ‘रिझॉल्व्हर’, वरून खाली विचारत येतो, आणि मिळालेले उत्तर ठरलेली मुदत संपेपर्यंत जवळ ठेवतो. त्या मुदतीला टीटीएल म्हणतात.

फेरफार मात्र सजातच व्हायचा, आणि खरी मेख इथून सुरू होते. तलाठी रजेवर गेला तर गाव अडते. म्हणून प्रत्येक झोनची वही किमान दोन सर्व्हरांवर असावी असा दंडक पहिल्यापासून आहे. ज्यावर हाताने बदल होतो तो प्रायमरी. जो त्याची नक्कल ठेवतो तो सेकंडरी. नक्कल नेण्याच्या क्रियेला झोन ट्रान्सफर म्हणतात. विचारणाऱ्या जगाला यातला कोणता प्रायमरी आणि कोणता सेकंडरी हे कळत नाही, कळायची गरजही नसते. दोघांचे उत्तर सारखेच अधिकृत.

मग दोन वह्या सारख्या आहेत की नाहीत, हे कळणार कसे? रोज सगळी वही ताडून पाहायची? मॉकापेट्रिस यांची युक्ती मला आजही थक्क करते. प्रत्येक झोनच्या डोक्यावर एक नोंद असते, एसओए, म्हणजे ‘अधिकाराचा आरंभ’. तिच्यात एक आकडा असतो: सिरिअल. वहीत काहीही बदलले की हा आकडा वाढवायचा. सेकंडरी ठरावीक काळाने येतो आणि एवढेच विचारतो की तुमचा आकडा किती. स्वतःच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर वही मागतो, नसेल तर परत जातो. लाखो नोंदींच्या दोन वह्या जुळतात की नाही, हे एका आकड्यावर ठरते. त्या आकड्याला वहीतल्या मजकुराची गंधवार्ता नसते. मजकूर बदलून आकडा वाढवायला विसरलात तर सेकंडरीच्या लेखी काहीच घडलेले नाही. नवशिक्याची पहिली चूक हीच, आणि वीस वर्षे काम केलेल्याची दर वर्षीची एक चूकही हीच.

सिरिअलच्या पाठोपाठ चार मुदती, सेकंदांत. रिफ्रेश: किती काळाने आकडा विचारायला यायचे. रिट्राय: विचारणा फसली तर पुन्हा किती वेळाने. एक्स्पायर: प्रायमरीशी जुळवणी होतच नसेल तर नक्कल किती दिवस खरी मानायची. चौथी मुदत मिनिमम; १९९८ पासून तिचा अर्थ ‘असे नावच नाही’ हे उत्तर लोकांनी किती वेळ लक्षात ठेवावे, असा झाला. यातली एक्स्पायर ही मुदत नीट ध्यानात ठेवावी. सहसा ती दोन ते चार आठवड्यांची ठेवतात. माझ्याकडे होती १२,०९,६०० सेकंद, म्हणजे बरोबर १४ दिवस. तेवढे दिवस सेकंडरी एकट्याच्या जिवावर कारभार ओढतो. त्यानंतर ही नक्कल आता भरवशाची नाही असे तो स्वतःच ठरवतो, आणि त्या झोनबद्दल काहीही सांगायचे नाकारतो.

ऑगस्ट १९९६ मध्ये यात दोन सुधारणा आल्या. आरएफसी १९९५ ने पूर्ण वहीऐवजी फक्त बदललेल्या ओळी नेण्याची सोय केली, आणि आरएफसी १९९६ ने प्रायमरीला हाक मारायची मुभा दिली: बदल झालाय, या. या हाकेला नोटिफाय म्हणतात. (टिपण क्रमांक १९९६ हे १९९६ सालीच निघाले, हा निव्वळ योगायोग.) पॉल विक्सी यांनी लिहिलेल्या या नोटिफायमुळे रिफ्रेशची वाट पाहण्याचे तास संपले. आता बदल काही सेकंदांत पलीकडे पोचतो. अर्थात, फाटक उघडे असेल तर.

कारण हाक आणि आकडा हे दोन्ही यूडीपीवरून जातात. यूडीपी म्हणजे एकच चिठ्ठी, टाकली आणि मोकळे. वही मात्र टीसीपीवरून येते: आधी दोन्हीकडून हातमिळवणी, मग क्रमाने पाने, शेवटी पोच. दोघांचा दरवाजा क्रमांक एकच, पोर्ट ५३. पण फायरवॉलच्या लेखी ते दोन वेगळे दरवाजे आहेत, आणि एक उघडला म्हणजे दुसरा उघडला असे होत नाही. डीएनएस यूडीपीवर चालते हे अर्धसत्य इतके पाठ झालेले असते, की टीसीपीचा दरवाजा बंद करताना अनेकांना आपण सुरक्षिततेचे पुण्य जोडले असेच वाटते.

मला तरी तसेच वाटले होते. मेमध्ये नवा राउटर बसवला. मनीषनगरमधली ती खोली दुसऱ्या मजल्यावर; खाली झेरॉक्सचे दुकान, खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, आणि त्याचा शिंतोडा पोचणार नाही अशा कोपऱ्यात प्रायमरी. सेकंडरी मुंबईत भाड्याच्या यंत्रावर. मी पोर्ट ५३ यूडीपीसाठी उघडला, बाकी सगळे बंद केले. काहीही बिघडले नाही. तीन आठवडे सेकंडरी येत होता, आकडा विचारत होता, तोच आकडा ऐकून परत जात होता. आकडा तोच असला की जुळवणी झाली असे मानतात, त्यामुळे एक्स्पायरचे घड्याळ प्रत्येक वेळी नव्याने सुरू व्हायचे. ट्रक निघालाच नव्हता, मग अडकणार कसा?

मेच्या शेवटी एका शिकवणी वर्गाची साइट नव्या सर्व्हरवर नेली. वहीत पत्ता बदलला, सिरिअल वाढवला, नोटिफाय गेला. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. “भाऊ, माझ्या मोबाइलवर साइट उघडून राहिली, पण पोरांच्या मोबाइलवर काहून नाही उघडून राहिली?” मी या धंद्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत आळशी जबाब दिला. म्हटले, सर, प्रोपगेशन व्हायचे आहे, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात.

प्रोपगेशन या शब्दावर इथे जरा थांबायला हवे, कारण तो बिघाडावर पांघरूण घालतो. डीएनएसमध्ये बदल लाटेसारखा पसरत वगैरे नाही. ज्या रिझॉल्व्हरांनी जुने उत्तर जवळ ठेवलेले असते, त्यांची टीटीएल संपली की ते पुन्हा विचारतात. माझ्या झोनचा टीटीएल एक तास होता. म्हणजे एका तासानंतरही कोणाला जुने उत्तर मिळत असेल, तर कोणीतरी ते अजून नव्याने देत होता. विचारायला कोणता सर्व्हर निवडायचा हे प्रत्येक कंपनीचा रिझॉल्व्हर आपल्या सोयीने ठरवतो. सरांच्या फोनचा रिझॉल्व्हर माझ्या खोलीत येत होता, पोरांचा मुंबईला जात होता. इथल्या वहीत नवा पत्ता, तिथल्या वहीत जुना. दोन्ही उत्तरे अधिकृत.

तपासाची पहिली पायरी म्हणून कुठलाही जाणकार जे करतो, ते मी तेव्हा केले असते तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. ‘डिग’ नावाचे छोटे साधन घ्यायचे आणि दोन्ही सर्व्हरांना थेट, मधल्या कोणाच्या आठवणीवर न विसंबता, एसओए विचारायचा. दोन आकडे शेजारी ठेवायचे. वेगळे आले, तर पत्ता, ब्राउझर, फोन सगळे विसरून फक्त एवढेच शोधायचे की वही पलीकडे का जात नाही. मग सेकंडरीच्या यंत्रावर बसायचे आणि तिथून डिगलाच पूर्ण झोन मागायला लावायचे. ही मागणी टीसीपीवरून जाते. उत्तरात वही आली तर रस्ता ठीक आहे. ‘नकार’ आला तर प्रायमरीच्या परवानगीत गडबड आहे. काहीच न येता वेळ संपली तर फाटक बंद आहे. नकार आणि मौन यांत फरक करता आला, की अर्धे निदान झाले.

परवानगीची बाब वेगळी सांगण्याजोगी आहे. वही कोणालाही द्यावी का? १९८४ पासून बर्कली विद्यापीठात चार विद्यार्थ्यांनी लिहिलेला ‘बाइंड’ हा सर्व्हर आजही जगभर वापरतात. इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम तो सांभाळते. त्यात वर्षानुवर्षे रीत अशी होती, की कोणाला द्यायची हे लिहिले नसेल तर मागेल त्याला द्यायची. सप्टेंबर २०१६ मध्ये उत्तर कोरियाच्या एका नेम सर्व्हरने अशीच अख्खी वही बाहेरच्याला देऊन टाकली, आणि जगाला कळले की त्या देशाच्या डॉट केपीखाली नावे आहेत अवघी २८. गुप्ततेसाठी प्रसिद्ध असलेल्या राज्याचे हे दप्तर एका साध्या विनंतीवर उघडले. म्हणून आता परवानगीच्या ओळीत नेमके पत्ते लिहितात, किंवा त्याहून चांगले म्हणजे दोघांत एक गुप्त किल्ली ठरवून प्रत्येक मागणीवर सही घेतात. या सहीला टीसिग म्हणतात. तिच्यात वेळेचाही शिक्का असतो, आणि दोन यंत्रांच्या घड्याळांत साधारण पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की सही खोटी ठरते. किल्ली बरोबर, अक्षर न् अक्षर बरोबर, तरी नकार येत असेल तर आधी दोन्हीकडचे घड्याळ पाहावे. बॅटरी संपलेल्या जुन्या मदरबोर्डाने माणसाला रात्रभर किल्ल्या घडवायला लावलेल्या आहेत. उलट स्वीडनने २०१६ पासून आपली डॉट एसईची वही ज्याला हवी त्याला उतरवू दिली आहे. कोणाचे दप्तर झाकायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपले नकळत उघडे राहू नये, एवढेच.

पत्त्यांची परवानगी दिली तरी एक फसगत राहते. सेकंडरीला दोन पत्ते असतात, एक जुन्या पद्धतीचा आणि एक आयपीव्ही६ चा. तुम्ही पहिला लिहून ठेवता आणि तो दुसऱ्याने येतो. गावात ज्याला सगळे ‘बाळू’ म्हणतात त्याच्या आधारकार्डावर वेगळेच नाव असावे, तसे. नोटिफायचेही उलटे असेच होते: प्रायमरी राउटरच्या आड असेल तर त्याची हाक भलत्याच पत्त्यावरून आल्यासारखी दिसते, आणि सेकंडरी ‘हा माझा मालक नव्हे’ असे लॉगमध्ये लिहून गप्प बसतो. आणि कधी कधी वही सुखरूप येते, पण ठेवायला जागा नसते. सर्व्हरला ज्या फोल्डरमध्ये लिहायची मुभा नाही तिथला रस्ता कॉन्फिगमध्ये दिलेला असतो, आणि लॉगमध्ये ‘परवानगी नाही’ अशी एक ओळ रोज पडत राहते. डेबियन आणि उबुंटूवर हे फार होते. नक्कल नेहमी कॅशच्या किंवा लिबच्या फोल्डरात ठेवावी, कॉन्फिगच्या नव्हे.

आकड्याच्या चुकीकडे पुन्हा येतो, कारण तिचा उतारा हा मला या शास्त्रातला सर्वांत देखणा भाग वाटतो. रिवाज असा की सिरिअलमध्ये तारीख लिहायची: वर्ष, महिना, दिवस, आणि त्या दिवसाचा कितवा बदल. १५ जून २०२५ चा पहिला बदल म्हणजे २०२५०६१५०१. आता घाईत बोटे उलटी पडली आणि २०५२०६१५०१ लिहिले गेले. प्रायमरी कुरकुरत नाही. सेकंडरी मोठा आकडा पाहून वही नेतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही शहाणे होऊन २०२५०६१६०१ लिहिता, आणि सेकंडरी म्हणतो, माझ्याकडे याहून नवी वही आहे. तो आता २०५२ सालापर्यंत तुमचे काही ऐकणार नाही.

सिरिअल ३२ बिटांचा असतो, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर येतो. म्हणून ‘मोठा’ कोण हे सरळ रेषेवर ठरवत नाहीत, घड्याळाच्या तबकडीवर ठरवतात. अकरानंतर एक वाजतो तेव्हा एक हा अकराच्या पुढचा असतो, तसे. तबकडीवर पुढच्या अर्ध्या वर्तुळात असेल तो नवा, मागच्या अर्ध्यात असेल तो जुना. रॉबर्ट एल्झ आणि रँडी बुश यांनी हा हिशेब १९९६ मध्ये पक्का लिहून ठेवला. त्यामुळे मागे जाता येत नसले, तरी पुढे जात जात मागे पोचता येते. चुकीच्या २०५२०६१५०१ मध्ये अर्ध्या वर्तुळाची सर्वांत मोठी उडी, २,१४,७४,८३,६४७, मिळवायची. झाले ४१९९५४५१४८. हा आकडा सगळ्या सेकंडरींनी उचलला याची खात्री करायची. मग सरळ २०२५०६१६०१ लिहायचे. तबकडीवर हा पुन्हा पुढच्याच अर्ध्यात पडतो, आणि सेकंडरी निमूटपणे वही नेतो. जग फिरून घरी यायचे, पण पश्चिमेला एक पाऊलही न टाकता. सेकंडरीचे यंत्र आपल्याच हातात असेल तर ‘रीट्रान्सफर’चा हुकूम देऊन आकडा न पाहता वही नेता येते. पण सेकंडरी परक्याच्या ताब्यात असेल, तर ही प्रदक्षिणाच करावी लागते.

वहीत लिहितानाची एक चूक मात्र नक्कल न चुकता पोचवते. झोन फाइलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यावे लागते. नाही दिले तर सर्व्हर त्याला अपुरे नाव समजून पुढे स्वतःच्या झोनचे शेपूट लावतो. १२ ऑक्टोबर २००९ च्या रात्री स्वीडनच्या वहीत असे एक टिंब गळाले आणि त्या देशाची सुमारे नऊ लाख नावे पडद्याआड गेली. सेकंडरींनी आपले काम चोख केले होते, चूक सगळीकडे सारखी पोचवली होती. जर्मनीत १२ मे २०१० ला उलटे झाले. डॉट डीईची फाइल नक्कल होताना अर्धवट राहिली, आणि ज्यांचे पान आलेच नाही त्यांच्याबद्दल सर्व्हर बेधडक सांगू लागले की असे नावच अस्तित्वात नाही. तेव्हा समजते की झोन ट्रान्सफरच्या मूळ नियमात एसओए ही नोंद सुरुवातीला आणि पुन्हा अगदी शेवटी का पाठवतात. शेवटची आली नाही, तर वही अपुरी आहे हे घेणाऱ्याला कळते आणि तो ती टाकून देतो. सातबाऱ्याच्या नकलेवर वर आणि खाली दोन्हीकडे शिक्का असावा, तसा हा बंदोबस्त आहे.

हे सारे दूरच्या देशांत घडते असे वाटू नये. आपल्या देशाचे दप्तर पहिली बरीच वर्षे मुंबईतच होते. डॉट इन हे क्षेत्र भारताच्या नावावर झाले ८ मे १९८९ रोजी, आणि त्याचा कारभार जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीने पाहिला. डॉ. श्रीनिवासन रमणी त्या संस्थेचे प्रमुख होते. २०१४ मध्ये त्यांचा इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. नियम कडक असल्यामुळे २००४ पर्यंत डॉट इनखाली सात हजारांच्या आसपासच नावे नोंदली गेली होती. १ जानेवारी २००५ पासून नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाने, म्हणजे निक्सीने, दप्तर हाती घेतले आणि नोंदणी सर्वांना खुली झाली. रूटचे सर्व्हर ज्या तेरा अक्षरांनी ओळखतात, त्यांपैकी ‘आय’ची एक प्रत त्याच वर्षी मुंबईत आली. ती चालवणारी संस्था नेटनॉड ही स्वीडनची. एका नावाचे उत्तर शोधायला आधी समुद्र ओलांडावा लागे, ते काम मग मुंबईतच होऊ लागले.

२७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतले ‘.भारत’ सुरू झाले, मराठीसह आठ भाषांसाठी. झोन फाइलमध्ये मात्र देवनागरी लिहीत नाहीत. तिथे प्रत्येक नावाचा एक रोमन सांकेतिक अवतार असतो. ‘भारत’चा अवतार सुरू होतो एक्स आणि एन या दोन अक्षरांनी, पुढे दोन आडव्या रेघा, आणि मग एच-२-बी-आर-जे-९-सी. मराठीला यात एक खास त्रास आहे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा ऱ संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो: एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. सांकेतिक अवतार मात्र वेगळे, आणि जुनी प्रणाली ती जोडखूण गाळूनच टाके. प्रायमरीवर एका कळफलकाने आणि नोंदणीत दुसऱ्या कळफलकाने नाव लिहिले, तर डोळ्यांना काही सापडणार नाही. असे नाव तपासताना देवनागरीवर विश्वास ठेवू नये, अवतार ताडून पाहावा.

आता राहिलेली हकिगत. सरांची तक्रार चालूच होती. अठ्ठेचाळीस तास झाले, आठवडा झाला. मी टीटीएलला दोष दिला, पोरांच्या फोनला दिला, ब्राउझरची साठवण पुसायला लावली. जूनचा दुसरा आठवडा लागला आणि सरांचा फोन आला. “भाऊ, झाली बरं का नीट. सगळ्यांना दिसून राहिली.” मी समाधानाने हो म्हटले. मी काहीच केले नव्हते.

घडले होते ते असे. सिरिअल वाढला त्या क्षणापासून सेकंडरीची जुळवणी फसू लागली होती. आकडा नवा कळत होता, वही येत नव्हती, आणि एक्स्पायरचे घड्याळ पुन्हा सुरू होत नव्हते. चौदा दिवस भरले आणि त्याने जुनी नक्कल बाद केली. आता विचारणाऱ्याला तो ‘सर्व्हर असमर्थ’ एवढेच सांगे. रिझॉल्व्हरांची रीत अशी की एकाने असमर्थता दाखवली की दुसऱ्याकडे जायचे. सगळे माझ्या खोलीत येऊ लागले, सगळ्यांना नवा पत्ता मिळू लागला. सेकंडरी मेला म्हणून साइट बरी झाली होती. दोन सर्व्हरांचा कारभार एकावर आला आहे, याची कोणालाही खबर नव्हती, मलाही नाही.

मायक्रोसॉफ्टने जानेवारी २००१ मध्ये हा धडा फार मोठ्या आवाजात घेतला होता. त्यांचे चारही नेम सर्व्हर एकाच राउटरमागे होते, आणि राउटरच्या कॉन्फिगमध्ये चूक होताच चारही एकदम गेले. माझ्याकडे निदान कागदावर एक नागपूरला आणि एक मुंबईला होता.

मग मिरगाचे वावधान आले. विदर्भातल्या माणसाला त्याची ओळख नको: दुपारी आभाळ काळे-तांबडे होते, धूळ उठते, पत्रे वाजतात, आणि पहिला थेंब पडायच्या आत वीज जाते. त्या दिवशी ती चार तास गेली. यूपीएसने चाळीस मिनिटे दम धरला. त्यानंतर तासाभरात, जसजसे जगातले टीटीएल संपत गेले तसतशी, सरांची साइट, झेरॉक्सवाल्याचा ईमेल आणि त्याच वहीतली माझी इतर बावीस गिऱ्हाइके एकेक करून नाहीशी झाली. साइट ज्या यंत्रांवर होत्या ती सगळी यंत्रे नीट चालू होती. फक्त त्यांचा पत्ता सांगणारा कोणी उरला नव्हता. मी अंधारात फोनच्या उजेडात मुंबईच्या यंत्रावर शिरलो आणि लॉग पहिल्यांदा वाचला. अडतीस दिवसांपूर्वीचा राउटर त्यात कुठे नव्हता. होती ती एकच ओळ, दर पंधरा मिनिटांनी, हजाराहून जास्त वेळा: जोडणी झाली नाही, वेळ संपली.

रात्री साडेनऊला वीज आली. राउटरमध्ये टीसीपीचा पोर्ट ५३ उघडला, मुंबईला रीट्रान्सफर सांगितले. लॉगमध्ये ओळ उमटली: ट्रान्सफर पूर्ण, ४७ नोंदी, ११८३ बाइट, ०.०२१ सेकंद. खाली झेरॉक्सवाला शटर ओढत होता. त्याने वर पाहून विचारले, “आली का?” त्याला वीज म्हणायचे होते.